व्याही डोळे तपासतात

जगातला प्रत्येक माणूस खोटं बोलतो, आणि सकाळी सहा ते आठ या वेळात जरा जास्तच बोलतो, असं आमच्या व्याह्यांचं ठाम मत आहे. मत बनायला कारणही तसंच घडलं. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगी गावात त्यांनी उभी हयात डेअरीवर दूध मोजण्यात घालवली. रोज सकाळी अख्खं गाव किटल्या घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभं राहायचं, आणि बहुतेक किटल्यांत थोडंफार पाणी असायचं. ते पाणी कधीच कुणी घातलेलं नसायचं. म्हशीनं ओली वैरण खाल्लेली असायची, किटली विसळताना राहून गेलेलं असायचं, नाहीतर वाटेत पावसाची सर लागलेली असायची, तीही ऐन मे महिन्यात. व्याही एका शब्दानं वाद घालायचे नाहीत. दुधात लॅक्टोमीटर सोडायचे, तो खाली जाताना बघायचे, आणि मग मान वर करून समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. त्या नजरेनं भलेभले गार व्हायचे. निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. व्याह्यांनी व्यासपीठावरच नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला.

अशा माणसाची मुलगी आमच्या घरात सून म्हणून आली. लग्न ठरण्याआधी व्याही बारामतीला आमचं घर बघायला आले, तेव्हा आमच्या हिनं मोठ्या हौसेनं चहा केला. व्याह्यांनी कप उजेडाकडे धरला आणि "पिशवीचं दूध वाटतंय," एवढंच म्हणून तो तसाच खाली ठेवला. तेव्हापासून ते येणार असले की ही आदल्या दिवशी गवळ्याला दम भरते. त्याचा काही उपयोग नसतो, कारण लेकीच्या सासरी काही खायचं-प्यायचं नाही आणि मुक्काम तर करायचाच नाही, हा व्याह्यांचा नेम. येताना पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणतात. नेम जुन्या रीतीमुळे आहे की आमच्या नळाच्या पाण्यावर संशय आहे, हे विचारायचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही.

मी स्वतः पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो. सकाळचं फिरणं आणि पेपर संपला की साडेनऊलाच दिवस संपल्यासारखा वाटायचा. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेला गावोगावच्या लहान मुलांचे डोळे तपासायला स्वयंसेवक हवे होते, म्हणून मी नाव दिलं. काम सोपं. भिंतीवर तक्ता लावायचा, ठरावीक अंतरावर मुलाला उभं करायचं, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यानं तक्त्यावरच्या खुणा ओळखायला सांगायच्या. ज्याला ओळखता येत नाहीत त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. एका बारशात मी हे व्याह्यांना सांगितलं आणि तिथंच चूक केली. ते घास हातात धरून थांबले. "म्हंजे पोरानं सांगायचं, मला दिसतंय, आन् तुमी ऐकायचं?" मी म्हटलं, हो. "पाव्हणं, तुमाला समदं गाव फशीवणार." पुढच्या सोमवारी ते प्रशिक्षणाला हजर होते. प्रशिक्षण द्यायला संस्थेतली एक तरुण मुलगी आली होती; पुढे गावोगावच्या तपासणीला आमच्याबरोबर असायच्या त्या मॅडम ह्याच. व्याह्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न होता, "म्याडम, पोरगं खोटं बोललं तर?" ती हसून म्हणाली, "काका, लहान मुलं खोटं बोलत नाहीत." व्याह्यांनी तिच्याकडे अशा मायेनं पाहिलं, की ती बिचारी स्वतःच्याच बोलण्याबद्दल साशंक झाली.

पहिल्या तपासणीत मी मदतनीस होतो की ते, हे दुसऱ्या तपासणीपर्यंत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. संस्थेनं डोळा झाकायला काळी प्लॅस्टिकची पळी दिली होती. व्याह्यांनी ती स्वतःच्या डोळ्यावर लावून पाहिली आणि "बाजूनं दिसतंय," म्हणून नापास केली. तळहातानं झाकायला सांगितलं की पोरं बोटांच्या फटीतून बघतात, हेही त्यांनी लगेच पकडलं. मग घरून स्टीलच्या वाट्या आणल्या. एक पोरगं वाटी डोळ्यावर धरून उभं, व्याही तक्त्याशी छडी घेऊन उभे, आणि पोरगं म्हणतंय, "आबा, हिला आमटीचा वास येतोय." अंतर मोजायला संस्थेनं टेप दिला होता, पण व्याह्यांचा विश्वास कालवड बांधायच्या दाव्यावर. ते दावं त्यांनी टेपनं मोजून, गाठ मारून पक्कं केलं. एक टोक तक्त्याच्या भिंतीला आणि दुसरं माझ्या हातात. त्या दाव्याला धरून मी दोन तालुके हिंडलो. माझ्या खात्यातले जुने लोक भेटले की विचारायचे, "साहेब, हल्ली काय करता?" मी सांगायचो, समाजसेवा.

मोठ्या मुलांचा तक्ता म्हणजे इंग्रजी ई अक्षराची एकच खूण, कधी वर पाय, कधी खाली, कधी डावीकडे. मुलानं हातानं दिशा दाखवायची. पळसदेवला पहिल्या दोन पोरांनी दिशा सांगितल्या आणि तिसऱ्यापासून सगळा वर्ग पाढे म्हणावेत तसा "वर, खाली, डावीकडं, उजवीकडं" म्हणायला लागला. व्याह्यांनी गुपचूप तक्ता उलटा केला. वर्गाचा पाढा तसाच चालू. डेअरीवर असताना होत नसेल इतका आनंद त्या दिवशी व्याह्यांना झाला. "बगा म्याडम! काय म्हणत हुतात? बारकी पोरं!" तिथून पुढे ते तक्त्यावर अवलंबून राहिले नाहीत. शाळेमागे धरणाचं पाणी पसरलेलं, त्यात मासेमारीच्या होड्या. एका चिमुरडीला त्यांनी दारात नेलं आणि लांबच्या ठिपक्याकडे बोट करून विचारलं, "त्या होडीत कोण हाय?" पोरगी म्हणाली, "माजा चुलता. आन् त्यो झोपलाय." व्याह्यांनी खात्री करायला मला बघायला लावलं. मला होडीसुद्धा दिसेना. पोरगी पास झाली, आणि मला त्यांनी डॉक्टरकडे जायला सांगितलं.

बालवाडीतल्या मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो. घर, छत्री, सफरचंद. इंदापूरकडच्या एका वस्तीवर सगळी पोरं सफरचंदाला डाळिंब म्हणाली. मॅडम काळजीत पडल्या. एवढ्या मुलांना एकदम दिसत नाही म्हणजे काय! इथं मात्र आमचे व्याही पोरांच्या बाजूनं उभे राहिले. "म्याडम, हितं चारी बाजूला डाळिंब हाय. सफरचंद फकस्त दवाखान्यात भेटाय येणाऱ्याच्या पिशवीत असतंय. पोरगं आजारी पडल्याबिगर त्याला सफरचंद दिसायचं कसं?" मॅडमनी डाळिंब मान्य केलं.

एकदा एका गावात निवडणूक तोंडावर होती. तिथले एक होतकरू पुढारी तपासणीचं उद्घाटन करायला आले. फ्लेक्स, हार, फोटोवाला, सगळं बरोबर. व्याही म्हणाले, "करा की उद्घाटन. आदी डावा डोळा झाका." पुढाऱ्यांना वाटलं, फोटोसाठी असेल. त्यांनी हसत वाटी डोळ्यावर धरली आणि तिसऱ्या ओळीत अडकले. वर्गातली पोरं मागून मदत करायला लागली. "वर हाय, दादा, वर!" व्याह्यांनी सगळ्यांसमोर शेरा दिला, "चष्मा लागंल. मतदारसंघ दिसत न्हाय तुमाला." त्या गावात आम्हाला नंतर पुन्हा बोलावणं आलं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण ज्यांच्या मुलांना खरोखर दिसत नसे त्यांच्याशी व्याही जे वागायचे, ते मला खटकायचं. बऱ्याच घरांत मुलाचा चष्मा कसाबसा पचायचा, मुलीचा घशात अडकायचा. "पोरीच्या जातीला चष्मा? उद्या लगनाला आडवं यील," असं कुणी म्हटलं की व्याही पेटायचे. मॅडम चार गोष्टी समजावून सांगायला बघायच्या, तर हे भर गल्लीत उभे राहून ओरडायचे, "लगीन व्हायला अजून पंधरा वर्सं हायती! तवर पोरगी भिताडाला धडकत ऱ्हावू द्या व्हय? लाज वाटती का न्हाय? सवताच्या पोरीचं डोळं झाकताय!" शेजारपाजारचे दारात यायचे, आई पदरानं तोंड झाकायची, म्हातारी शिव्या घालायची. चष्मा बसायचा बहुतेक वेळा, हे खरं. पण परत येताना माझ्या दुचाकीवर मागे बसून व्याही पुन्हा पुन्हा त्या बाईची नक्कल करायचे, आणि मला वाटायचं, या माणसाला डोळ्यांपेक्षा चोर सापडल्याचा आनंद जास्त होतोय. एक-दोन गावांत तर आमची गाडी दिसली की बायका धडधाकट डोळ्यांची पोरंही घरात कोंडायला लागल्या.

आणि या सगळ्या धामधुमीत, दुसऱ्यांच्या पोरांचे डोळे तपासत हिंडणाऱ्या आम्हा दोन आजोबांना आपल्या नातीला एकदा तक्त्यासमोर उभं करावं हे सुचलं नव्हतं. आमची ओवी तेव्हा पाच वर्षांची. चुणचुणीत, बडबडी. तिच्या डोळ्यांत काही असेल अशी शंका कुणाला यावी? आमच्या दोन्ही घरांत तोवर जवळचं वाचायच्या चष्म्यापलीकडे कुणाला काही लागलेलं नव्हतं.

निरवांगीच्या शाळेत तपासणी होती तेव्हा ओवी आजोळीच होती. पोरं बुजत होती, म्हणून व्याह्यांनी नातीला पुढे आणलं. "बगा रं, तपासणी कशी देत्यात ते! आमची ओवी दावील." ओवीनं डाव्या डोळ्यावर वाटी धरली आणि उजव्यानं धडाधड सगळा तक्ता वाचला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांची छाती मी लांबून फुगलेली पाहिली. मग तिनं वाटी उजव्या डोळ्यावर धरली. व्याह्यांनी छडी पहिल्याच ओळीवर ठेवली. सगळ्यात मोठी खूण. ओवी गप्प.

"सांग की, बाय."

तिनं वाटी हळूच बाजूला सरकवली आणि फटीतून पाहिलं. कुठल्याही पोरानं हे केलं की व्याही गरजायचे. त्या दिवशी गरजले नाहीत. "झाक नीट," एवढंच हलक्या आवाजात म्हणाले. तिनं झाकलं, तक्त्याकडे बघितलं, आणि मग तक्ता सोडून आजोबांकडे बघितलं. मी दावं धरून तिच्या शेजारीच उभा होतो. व्याह्यांची छडी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जात होती, आणि दुसरा हात, मांडीजवळ लोंबणारा तो रुंद पंजा, हळूच वर होत होता, खाली होत होता, डावीकडे वळत होता. ओवी त्या पंजाकडे बघून दिशा दाखवत होती.

"पास!" व्याही ओरडले. "पुढचं पोरगं!"

मॅडम शेजारच्या टेबलावर होत्या, त्यांना काही दिसलं नाही. मी म्हटलं, "आबा, एकदा परत बघू या." त्यांनी ऐकलं नाही. सुट्टीत मी त्यांना शाळेमागे लिंबाखाली गाठलं आणि सांगितलं, "आबा, तुमचा हात हलत होता."

"माशी बसली हुती."

आयुष्यभर ओल्या वैरणीच्या आणि मे महिन्यातल्या पावसाच्या गोष्टी ऐकून घेतलेल्या माणसानं मला हे उत्तर दिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते त्यांना सहन झालं नाही. "पाव्हणं," ते म्हणाले, "लेकीच्या सासरचं म्हणून ऐकून घेतोय. माज्या नातीत खोट काढू नगा." आणि उरलेली पोरं सोडून घरी निघून गेले.

त्या दिवशी दुचाकी घरीच होती, म्हणून संध्याकाळच्या एसटीनं मी ओवीला घेऊन बारामतीला आलो. एसटीत ती माझ्या मांडीवर बसून गाणी म्हणत होती आणि मी तिच्या एकेका डोळ्यावर हात ठेवून खेळ केल्यासारखं विचारत होतो, बाहेर काय दिसतं? उजव्या डोळ्याला म्हैस, मोटारसायकल, ऊस, सगळं दिसत होतं. डाव्या डोळ्याला "हिरवं हिरवं" दिसत होतं. घरी आल्यावर मी हिला सांगितलं. ही म्हणाली, मुलगा कामावरून उशिरा येईल, सकाळी दोघांना एकदम सांगा, आणि व्याह्यांनी काय केलं ते तेवढं सांगू नका, सुनेला लागेल.

ते सांगायची वेळ आली नाही. सकाळी मी पेपर उचलायला दार उघडलं तर पायरीवर व्याही बसलेले. अंगात कालचाच सदरा. पाण्याची बाटली नव्हती. पहिल्या एसटीनं आले होते आणि बेल वाजवायचा धीर होत नव्हता. आत आले, उभ्या उभ्याच लेकीला हाक मारली.

"पल्लवी, पोरीला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय."

"कोण म्हणतं?" ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काल तर पास झाली म्हणून तुम्हीच फोनवर सांगितलंत."

"मी खूण केली."

"तुम्ही, आबा?"

"व्हय. मीच." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हण्यांनी बघितलं. मी त्यास्नी बी खोटं बोललो."

"पण का?" पल्लवीचा आवाज चढला. "लोकांच्या दारात उभं राहून ओरडता, आणि माझ्या पोरीला…"

व्याह्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "तिनं माज्याकडं बगितलं गं," ते म्हणाले. "येवढ्या जणांनी बगितलं जन्मात. तिनं बगितलं, आन् हात आपसूक हलला."

पल्लवी आत गेली, आणि जरा वेळानं चहा घेऊन आली. व्याह्यांनी कप उजेडाकडे न धरता तोंडाला लावला. आमच्या घरात त्यांनी घेतलेला तो पहिला चहा. पिशवीच्या दुधाचा होता.

डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आळशी झालाय. नंबर मोठा असल्यामुळे मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून दिलंय. चष्मा लावा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशाला काम करावं लागेल. लवकर आणलंत, आणखी काही वर्षं गेली असती तर कठीण होतं. व्याह्यांनी हे "लवकर आणलंत" ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

चष्मा सोपा निघाला, पट्टी नाही. चांगला डोळा बंद झाला की ओवी घरात चाचपडायची, रडायची, पट्टी ओढून काढायची. पल्लवीला नोकरी, आमच्या हिला तिचं रडणं बघवत नव्हतं आणि माझ्यात दम नव्हता. तेव्हा व्याह्यांनी लेकीच्या घरी मुक्काम न करण्याचा नेम मोडला. एक पिशवी आणि स्वतःची उशी घेऊन राहायला आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पट्टी असताना बारीक, जवळची कामं करायला द्या. व्याह्यांनी ओवीला तांदूळ निवडायला बसवलं. आमचा तांदूळ दुकानातून निवडलेलाच येतो, त्यात खडा मिळेना. मग व्याही सकाळी अंगणातून बारीक खडे आणायचे, धुवायचे, मोजूनमापून तांदळात मिसळायचे आणि नातीला म्हणायचे, "दुकानदार लबाड हाय. धर त्येला." ओवी नाक तांदळाला लावून चोर शोधायची. सापडलेले खडे ती ऐटीत वाटीत टाकायची. न सापडलेले शिजायचे. तांदूळ पुन्हा निवडायचा नाही अशी व्याह्यांची ताकीद होती, पोरीचा अपमान होतो. महिनाभर आमचं सगळं घर भात हळूहळू, विचार करत खात होतं. आमच्या हिची एक दाढ त्यात गेली. पण पुढे घास निर्धास्त चावता यायला लागले, तेव्हा आम्हाला डॉक्टरांच्या आधी बातमी कळली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सुधारतोय, अजून बराच पल्ला आहे, सोडू नका. व्याह्यांनी परतताना एक किलो पेढे घेतले आणि दुकानदाराला काहीही विचारलं नाही.

ओवीची पट्टी अंगवळणी पडल्यावर ते निरवांगीला परत गेले, आणि थोड्या दिवसांनी आम्ही पुन्हा तपासणीला जाऊ लागलो. तक्ता तोच, वाट्या त्याच, पोरांच्या लबाड्याही त्याच. परवा लोणी भापकरला एक मुलगी नापास झाली. तिच्या घरी गेलो तर आईनं दारातच सांगितलं, "आमच्या पोरीला समदं दिसतंय. ती लाजली म्हणून बोलली न्हाय." मी सवयीनं दोन पावलं मागे सरलो, आता ओरडा होणार म्हणून. व्याही ओट्यावर टेकले. टोपी काढली. "माज्या बी नातीला हाय," ते म्हणाले. "मी बी लपीवलं हुतं, बाई. मी तर हातानं खूण केली." बाई त्यांच्याकडे बघत राहिली. शेजारच्या दारात कुणीही आलं नाही, कारण ऐकू जावं असं काही घडतच नव्हतं. मग तिनं विचारलं, "मग आता कशी हाय तुमची?" व्याही सांगत बसले. मॅडमनी डॉक्टरांचा पत्ता दिला, बाईनं तो घेतला.

हे फार चांगलं झालं, यात शंकाच नाही. पण परतीच्या वाटेवर गाडीमागे कुणाची नक्कल नव्हती, कुणाच्या नावानं शंख नव्हता. व्याही हल्ली पुष्कळ गप्प असतात. म्हातारे दिसायला लागलेत. मला त्या जुन्या, अर्ध्या गावाशी भांडण काढणाऱ्या माणसाची आठवण येत होती, आणि तो माझ्या मागेच बसलेला होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सगळा रस्ता अडवून, मोठ्यानं गाणी लावून चालला होता. मी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, तो बाजू देईना. शेवटी मीच, जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस, ओरडलो, "अरे ए! रस्ता काय बापाचा आहे का तुझ्या?"

व्याह्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "आपुन त्येला दिसलो नसू."